एकच हेडसेट आणि ४८ तास : गेम जॅममध्ये व्हीआर खेळ तयार करताना

गेम जॅम म्हणजे ठरावीक मुदतीत, बहुधा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ अशा ४८ तासांत, ऐन वेळी जाहीर झालेल्या विषयावर खेळता येण्याजोगा खेळ तयार करण्याचा उपक्रम. २००९ पासून दरवर्षी जगभर भरणारा ग्लोबल गेम जॅम हा त्यातला सर्वांत परिचित. साधा द्विमितीय खेळ या मुदतीत सहज पुरा करणाऱ्या चमूलाही व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे व्हीआरचा, खेळ करताना एक वेगळी अडचण येते. लॅपटॉप प्रत्येकाकडे असतो, डोळ्यांवर लावायचा, आत पडदा असलेला हेडसेट मात्र बहुतेक वेळा चार-पाच जणांत एकच असतो. आणि वस्तूचा आकार बरोबर वाटतो का, हात तिथवर पोचतो का, अक्षरे वाचता येतात का, डोके गरगरते का, यांपैकी काहीही तो हेडसेट डोक्यावर चढवल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे जॅममधला प्रत्येक निर्णय घेताना एक प्रश्न आधी विचारावा: यासाठी हेडसेटचा किती वेळ खर्च होईल?

ही टंचाई कल्पनेला वळणही देऊ शकते. २०१४ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये कॅनडातील ओटावा येथील काही विकसकांकडे ऑक्युलस रिफ्टची सुरुवातीची, केवळ विकसकांसाठी काढलेली आवृत्ती होती. एक जण हेडसेटमध्ये रमलेला आणि बाकीचे भोवती उभे राहून नुसते पाहणारे, हे पाहून त्यांनी पाहणाऱ्यांनाच खेळात ओढले. आतल्या खेळाडूला बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा हे त्याला माहीत नसते. बाहेरच्यांच्या हाती माहितीपुस्तिका असते, पण त्यांना बॉम्ब दिसत नाही. हाच खेळ पुढे २०१५ मध्ये ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ या नावाने बाजारात आला. जॅमच्या दृष्टीने त्याची रचना फार शहाणपणाची आहे: आतमध्ये एक टेबल आणि एक वस्तू, चालणे-फिरणे नाही, आणि खेळाची बरीचशी गुंतागुंत कागदावर. कागदावरचे नियम तपासायला हेडसेट लागत नाही.

जॅम सुरू होण्याआधी

बहुतेक जॅममध्ये खेळ किंवा त्याचे भाग आधी बनवून आणण्यास मनाई असते, पण साधनांची जुळवाजुळव आधी करण्यास हरकत नसते. नियम वाचून घ्यावेत आणि तेवढी मुभा असेल तर ती पूर्ण वापरावी, कारण व्हीआरमध्ये पहिली संध्याकाळ बहुधा सॉफ्टवेअर उतरवण्यातच जाते. सर्वांच्या लॅपटॉपवर युनिटी या इंजिनाची, म्हणजे खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरची, एकच, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारी आवृत्ती असावी आणि तिच्यासोबत अँड्रॉइडसाठीचे घटकही घ्यावेत, कारण मेटा क्वेस्टसारखे स्वतंत्र चालणारे हेडसेट आतून अँड्रॉइडवरच चालतात. काही जीबींचा हा पसारा महाविद्यालयाच्या वायफायवर, शंभर जण एकाच वेळी डाउनलोड करीत असताना, उतरवण्याची वेळ येऊ देऊ नये. गोडो या दुसऱ्या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीतही व्हीआरचा आधार अंगभूत आहे आणि ते डाउनलोडला फारच हलके आहे. चमूला जे येते तेच निवडावे, जॅम ही नवे इंजिन शिकण्याची जागा नाही. पुढची तांत्रिक नावे युनिटीची आहेत, विचार दोन्हीकडे लागू पडतो.

हेडसेटवर डेव्हलपर मोड, म्हणजे स्वतः बनवलेला खेळ चढवू देणारी सोय, आधीच सुरू करावा, कारण त्यासाठी विकसक म्हणून खाते नोंदवावे लागते आणि ते खाते हेडसेटच्या मालकाचे असते. मालक चमूत नसेल तर त्याला रात्री अकराला फोन करण्याची पाळी येते. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ओपनएक्सआर निवडावे. ख्रोनोस ग्रुप या उद्योगसंघाने २०१९ मध्ये पक्के केलेले हे सामाईक मानक असल्यामुळे तोच खेळ दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवरही कमी फेरफारांत चालतो. मग एक रिकामी खोली, एक टेबल आणि उचलता येणारा एक ठोकळा एवढेच घेऊन बिल्ड, म्हणजे हेडसेटवर चालणारी तयार फाइल, काढावे आणि ते हेडसेटमध्ये खरोखर उघडते का, हे पाहावे. पहिले बिल्ड नेहमीच सर्वांत हळू होते, त्यामुळे तो वेळ जॅमच्या घड्याळाबाहेर गेलेला बरा.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. चमूतल्या दोघांनी आपापल्या लॅपटॉपवरून बिल्ड काढले, तर युनिटी प्रत्येक यंत्रावरची वेगळी डीबग किल्ली वापरून त्यांवर डिजिटल स्वाक्षरी करते. अँड्रॉइडला एकाच नावाच्या पण वेगळ्या स्वाक्षरीच्या दोन अ‍ॅपपैकी दुसरे पहिल्यावर चढवता येत नाही. ते नकार देते आणि पडद्यावर येणारा संदेश झोप न झालेल्या माणसाला उमगत नाही. उपाय सोपा आहे: स्वाक्षरीची किल्ली ठेवणारी एकच कीस्टोअर फाइल तयार करून ती सर्वांना द्यावी, किंवा बिल्ड काढण्याचे काम एकाच लॅपटॉपकडे ठेवावे. दुसरा मार्ग मला अधिक पटतो.

कल्पना निवडताना

विषय जाहीर झाला की पहिल्या तासात दहा-पंधरा कल्पना फळ्यावर येतात आणि त्यांतल्या निम्म्यांत खेळाडू उडत, धावत किंवा गाडी चालवत असतो. या सर्व बाजूला ठेवाव्यात. डोळ्यांना गती दिसते, पण कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला ती जाणवत नाही, तेव्हा या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. टेलिपोर्ट (न चालता एकदम दुसऱ्या जागी पोचणे), ठरावीक अंशांनी टप्प्याटप्प्याने वळणे, हालचालीच्या वेळी दृष्टीच्या कडा काळ्या करणे, असे उपाय आहेत, पण ते नीट बसवण्यासाठी वेगवेगळ्या माणसांवर पुन्हा पुन्हा चाचणी लागते, आणि तितका हेडसेट-वेळ आपल्याकडे नसतो. खेळाडू एका जागी उभा किंवा बसलेला असावा आणि सारे काही त्याच्या हाताच्या अंतरात घडावे, ही मर्यादा आधीच मान्य केली की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. इंटरनेटवरून दोन खेळाडू जोडण्याची कल्पनाही याच न्यायाने गळते. ती दर जॅममध्ये कोणाला तरी मध्यरात्रीनंतर सुचते.

उदाहरणादाखल समजा, विषय आहे ‘पुन्हा पुन्हा’. आपण रसवंती घेऊ. खेळाडू काउंटरमागे उभा आहे, डावीकडे उसाच्या मोळ्या, समोर चरक, उजवीकडे पेले, बर्फ आणि लिंबू. ऊस चरकातून एकदा काढायचा, दुमडून पुन्हा घालायचा, तिसऱ्यांदा लिंबू-आल्यासह पिळायचा आणि गिऱ्हाईक कंटाळण्याआधी पेला पुढे करायचा. विषय कृतीतच आला, मुख्य क्रिया एकच आहे आणि चाकाला बांधलेल्या घुंगरांमुळे जागा ओळखायला मराठी माणसाला पाटीचीही गरज पडत नाही. शिवाय ओटाव्याचा धडा इथे वापरता येतो: गिऱ्हाइके संगणकाने बनवण्याऐवजी बाहेर उभे असलेले मित्रच गिऱ्हाईक व्हावेत. त्यांच्या हाती ‘बर्फ नको’, ‘दोन फुल, एक हाफ’, ‘आले जास्त’ अशा छापील चिठ्ठ्या असाव्यात आणि त्यांनी त्या ओरडून सांगाव्यात. गिऱ्हाइकांची त्रिमितीय मॉडेल, त्यांचे चालणे, त्यांचे आवाज, हे सारे काम वाचले आणि प्रदर्शनाच्या वेळी टेबलाभोवती गर्दीही जमली.

आता यातून काय काढायचे ते पाहावे. रस हा द्रव आहे, आणि द्रवाचे खरे भौतिकशास्त्र मोबाइल चिपवर, तेही दोन दिवसांत, जमणार नाही. पेल्यात एक पिवळसर-हिरवा दंडगोल ठेवून त्याची उंची वाढवत न्यावी. वरून पाहणाऱ्याला तो रसच वाटतो. ऊस वाकवण्याची गरज नाही: तो चरकातून गेला की पहिले मॉडेल लपवून चेपलेल्या उसाचे दुसरे मॉडेल पलीकडे आणावे. उसाचे टोक रुळांसमोरच्या अदृश्य पेटीत शिरताच तो खेळाडूच्या हातातून सोडवून ठरलेल्या रेषेवरून सरकवावा, म्हणजे ऊस अडकणे, उडणे, टेबलात घुसणे असले भौतिकी गोंधळ होतच नाहीत. त्याच क्षणी खेळाडूच्या हातातल्या कंट्रोलरला दशांश सेकंदाची थरथर द्यावी, म्हणजे चरकाने ऊस ओढून घेतल्याचे हाताला पटते. हाताच्या बोटांच्या मुद्राही टाळता येतात. आउलकेमी लॅब्जच्या ‘जॉब सिम्युलेटर’ या २०१६ च्या खेळात वस्तू पकडताच हात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी फक्त वस्तू दिसते. खेळणाऱ्यांच्या ते क्वचितच लक्षात येते, आणि आपला मात्र अख्खा दिवस वाचतो.

पहिली रात्र

शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी खेळाची मुख्य क्रिया राखाडी ठोकळ्यांच्या रूपात हेडसेटमध्ये चालली पाहिजे. चित्रे, रंग, संगीत यांपैकी काही नसले तरी चालेल. युनिटीत एक एकक म्हणजे एक मीटर, आणि व्हीआरमध्ये हे अक्षरशः खरे असते. म्हणून मापे अंदाजाने न घेता शेजारचे खरे टेबल टेपने मोजून घ्यावे. काउंटर ९० सेंटिमीटर उंच, पेला १२ सेंटिमीटर, हात सहज पोचावा अशी वस्तू खांद्यापासून साधारण ५० ते ६० सेंटिमीटरवर, अशा मापांनी सुरुवात केल्यास पहिल्याच फेरीत बहुतेक गोष्टी जागेवर बसतात. एक्सआर ओरिजिनमध्ये, म्हणजे खेळाडूची जागा ठरवणाऱ्या घटकात, उंचीचा आधार जमिनीवर ठेवावा, नाहीतर खेळाडू काउंटरच्या आत कमरेपर्यंत रुतलेला दिसतो. काउंटरची उंची बदलण्यासाठी एखादे बटणही ठेवावे, कारण बुटका, उंच आणि खुर्चीवर बसलेला असे तिन्ही खेळाडू येणार आहेत.

उचलण्याची क्रिया स्वतः लिहीत बसू नये. युनिटीच्या एक्सआर इंटरअ‍ॅक्शन टूलकिटमध्ये ती तयार मिळते. हातातली वस्तू थरथरताना दिसली तर दोष बहुधा भौतिकीच्या ठोक्यात, म्हणजे वस्तूंच्या हालचालीचा हिशेब किती वेळाने होतो यात, असतो: युनिटीत तो मुळात ०.०२ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा असतो, तर हेडसेटचा पडदा ७२ वेळा बदलतो. तो ०.०१३९ केला की थरथर बहुतेक थांबते. हा एक आकडा माहीत नसल्यामुळे चांगले प्रोग्रॅमर तासन् तास आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात.

कामाची वाटणी आणि हेडसेटची पाळी

दोघे प्रोग्रॅमर, एक मॉडेल करणारा, एक ध्वनी आणि मजकूर पाहणारा, ही वाटणी साधारण पुरते. पाचवा असल्यास त्याच्याकडे चाचणी आणि हेडसेटची व्यवस्था द्यावी. हे काम दुय्यम समजले जाते, पण माझ्या मते व्हीआर जॅममध्ये याच माणसावर सर्वाधिक अवलंबून असते. हेडसेट चार्ज झालेला ठेवणे, लांब केबल आणि पॉवर बँक जवळ बाळगणे, भिंगे मायक्रोफायबर कापडाने पुसणे, खिडकीतून येणारे थेट ऊन भिंगांवर पडू न देणे (भिंगातून एकवटलेले ऊन आतला पडदा कायमचा जाळते), आणि कोणाची पाळी कधी याची नोंद ठेवणे, हे त्याचे काम. पाळी दहा-पंधरा मिनिटांची असावी आणि हेडसेट घेण्यापूर्वी काय तपासायचे ते प्रत्येकाने कागदावर लिहून आणावे. ‘जरा बघतो’ म्हणून घेतलेला हेडसेट तासाभराने परत येतो.

बाकीच्या वेळी सिम्युलेटर वापरावा. टूलकिटसोबत येणाऱ्या सिम्युलेटरने माउस आणि कीबोर्ड वापरून डोके व हात हलवता येतात. पेला भरला की घंटा वाजते का, गुण वाढतात का, असे तर्काचे प्रश्न तिथेच सुटतात. विंडोजचा बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप असेल तर केबलने हेडसेट जोडून बिल्ड न काढताच युनिटीतून थेट खेळून पाहता येते, पण त्यावर विसंबून राहू नये: तिथे चित्र लॅपटॉपचे कार्ड काढत असते, आणि तिथे लोण्यासारखा चालणारा खेळ हेडसेटच्या चिपवर अडखळू शकतो. प्रोग्रॅमरला हेडसेट टेबलावर ठेवून काही पाहायचे असेल तर आतल्या बाजूच्या सेन्सरवर कागदी टेपचा तुकडा लावावा, म्हणजे तो डोक्यावर आहे असे समजून पडदा सुरू राहतो.

सर्वांचे काम एकत्र जोडणाऱ्या गिटच्या बाबतीत एकच नियम कडक पाळावा: मुख्य सीन फाइल, म्हणजे खेळाची सगळी मांडणी असलेली फाइल, एका वेळी एकानेच उघडावी. युनिटीच्या सीन फाइलमधील दोघांचे बदल एकत्र करणे ताज्या डोक्यानेही अवघड असते. चरक, पेला, मोळी, पाटी हे सर्व वेगवेगळे प्रीफॅब, म्हणजे स्वतंत्र फाइलीत साठवलेले घटक, करावेत, प्रत्येकाने आपल्या प्रीफॅबवर काम करावे आणि सीनमध्ये ते जोडण्याचे काम एकाकडे असावे. युनिटी स्वतःच पुन्हा तयार करते ते लायब्ररी नावाचे फोल्डर गिटमध्ये घालू नये आणि मोठ्या ध्वनी-चित्र फाइलींसाठी एलएफएस ही गिटची सोय आधीच सुरू करावी, कारण गिटमधले काम जिथे ठेवतात ते गिटहब हे संकेतस्थळ १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारतच नाही.

वेग, अक्षरे आणि आवाज

७२ हर्ट्झच्या पडद्यासाठी एक चित्र काढायला जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे निघायची असतात. साध्या खेळात चित्र अडखळले तर खेळाडू वैतागतो. इथे त्याला मळमळते. म्हणून वेगाचे काम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवता येत नाही. हेडसेटमधील ग्राफिक्स चिप चित्राचे छोटे तुकडे करून आपल्या आतल्या स्मृतीत रंगवते आणि मग बाहेर पाठवते. यामुळे कडा गुळगुळीत करणारे चारपट एमएसएए तिथे स्वस्त पडते, तर संपूर्ण चित्रावर नंतर चढवायचे परिणाम, उदाहरणार्थ प्रकाशाची झळाळी, महाग पडतात. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक अधिक ताणून दाखवणारी सोय) आणि असे सारे परिणाम पहिल्याच रात्री बंद करावेत, सावल्या आणि प्रकाश बेक करून, म्हणजे आधीच मोजून वस्तूंवर रंगवून, घ्यावेत, शक्य तितक्या वस्तू एकाच मटेरियलवर, म्हणजे पृष्ठभागाच्या एकाच रंग-चमकेवर, आणाव्यात. पारदर्शक गोष्टी एकावर एक आल्या की तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. काउंटरवर काचेचे तीन पेले ठेवावेत, मागच्या फळीवरचे तीस पेले अपारदर्शक चालतात.

मराठी मजकूर वापरणार असाल तर एक सावधगिरी हवी. युनिटीत अक्षरे दाखवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवत नाही आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतो. जॅममध्ये यावर प्लगइन शोधत बसण्यापेक्षा पाटी, दरपत्रक, ‘खेळ सुरू करा’ असा मोजका मजकूर चित्र म्हणून तयार करून चिकटवावा. रसवंतीची पाटी तशीही रंगवलेलीच असते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी बरोबर उमटते. मजकूर खेळाडूच्या चेहऱ्याला चिकटवलेला नसावा. तो दीड-दोन मीटरवर, एखाद्या फळ्यावर असावा आणि अक्षरे लॅपटॉपवर हास्यास्पद वाटतील इतकी मोठी असावीत. वाचावे लागेल असे मुळात कमीच ठेवणे उत्तम.

आवाजाकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते, आणि ते चुकीचे आहे, कारण मागे काय चालले आहे हे खेळाडूला फक्त कानांनीच कळते. प्रत्येक आवाज त्याच्या वस्तूला जोडून पूर्ण त्रिमितीय करावा, म्हणजे घुंगरू चरकाकडूनच ऐकू येतील. उसाचा करकर आवाज, पेल्यावर बर्फ पडल्याचा आवाज हे मोबाइलवर रेकॉर्ड करता येतात. खरी रसवंती जवळ असेल तर चहाऐवजी रस प्यायला जावे आणि परवानगी घेऊन दोन मिनिटे ध्वनिमुद्रण करावे. तयार मॉडेल घ्यायची असल्यास खेळांसाठी मॉडेल पुरवणाऱ्या केनीच्या संकेतस्थळावरील सीसी-शून्य, म्हणजे मुक्त वापराच्या, परवान्याची मॉडेल घ्यावीत. त्यांत श्रेयनामावलीचीही अट नसते.

रविवार

शनिवारी संध्याकाळपासूनच चमूबाहेरच्या माणसांना खेळ द्यावा आणि ते खेळत असताना काहीही सांगू नये. आपण तोंड उघडले की चाचणी वाया गेली. व्हीआर कधी न वापरलेल्या माणसाला कोणते बटण दाबून वस्तू उचलायची हेच माहीत नसते. त्यामुळे ट्रिगर (तर्जनीचे) आणि ग्रिप (मुठीचे) या दोन्ही बटणांनी वस्तू उचलली जाईल असे करून टाकावे. जमिनीवर पडलेला पेला काही क्षणांत आपोआप काउंटरवर परतावा, नाहीतर खेळाडू वाकतो आणि खऱ्या टेबलावर डोके आपटतो.

मुदतीच्या सहा तास आधी नवीन गोष्टी थांबवाव्यात. तीन तास आधी एक पूर्ण बिल्ड इच डॉट आयओसारख्या खेळ ठेवण्याच्या संकेतस्थळावर चढवून ठेवावे, मग त्यात दोष असले तरी चालतील. उरलेल्या वेळात सुधारलेले बिल्ड त्या जागी टाकता येते. पानावर एपीके फाइल (अँड्रॉइडचे बिल्ड), ती हेडसेटमध्ये कशी घालायची याच्या दोन ओळी, खेळ बसून की उभ्याने, कंट्रोलर लागतात की नाही, हे लिहावे आणि छापायच्या चिठ्ठ्यांची पीडीएफ जोडावी. हेडसेटमधूनच चित्रित केलेली मिनिटभराची चित्रफीत अवश्य ठेवावी, कारण पान उघडणाऱ्या अनेकांकडे हेडसेट नसेल आणि त्यांच्यासाठी ती चित्रफीत म्हणजेच खेळ आहे.

प्रदर्शनासाठी दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा जमिनीवर टेपने आखून घ्यावी आणि हेडसेटमधले दृश्य लॅपटॉपवर दाखवावे. प्रत्येक नव्या खेळाडूला आधी भिंगांमधील अंतर जुळवून द्यावे, मग कंट्रोलरच्या दोऱ्या मनगटात अडकवाव्यात आणि शेवटी होमचे बटण दाबून धरून दृश्य त्याच्यासमोर आणायला सांगावे, म्हणजे चरक पाठीमागे राहत नाही. परीक्षक चष्मा लावणारे असतील तर चष्म्यासाठीची पट्टी आधीच बसवून ठेवावी. ती बहुधा हेडसेटच्या खोक्यातच असते.